जुना लॅपटॉप घेताय? पैसे देण्याआधी पेनड्राइव्ह लावून बघा

जुन्नर किंवा मंचरहून पुण्याला जाऊन मुलांच्या कॉलेजसाठी जुना लॅपटॉप आणला आणि घरी आल्यावर वाय-फायच चालेना, तर एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस पुन्हा खर्च. लिनक्स टाकायचं असेल, तर ही तपासणी दुकानातच करता येते.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कशासाठी?
विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर मात्र लिनक्स मिंट किंवा उबुंटू चांगलं चालतं, तेही मोफत. 'आय५-६३००यू' यात डॅशनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी. 'यावर विंडोज ११ चालत नाही' हा मुद्दा भाव करताना नक्की मांडा.

कोणता घ्यावा?
लेनोवो थिंकपॅड टी सिरीज, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक हे ऑफिसात वापरलेले लॅपटॉप आधी बघा. ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवीच. इंटेलचं वाय-फाय कार्ड लिनक्स सहसा लगेच ओळखतं. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो.

दुकानात काय तपासाल?
घरूनच ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट तयार करून न्या. डेल आणि थिंकपॅडवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. आतलं काही पुसलं जात नाही. मग हे बघा:

• मोबाइलच्या हॉटस्पॉटला वाय-फाय जोडलं जातंय का?
• आवाज, कॅमेरा, टचपॅड आणि सगळी बटणं चालतात का?
• झाकण बंद करून उघडल्यावर स्क्रीन परत येते का?
• 'पॉवर स्टॅटिस्टिक्स'मध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता किती? निम्मी उरली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा.
• बायोसला पासवर्ड आहे का? असेल आणि विक्रेत्याला काढता येत नसेल, तर व्यवहार थांबवा.

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. चोरीचा माल गळ्यात पडू नये, म्हणून हे महत्त्वाचं.

कोणी घेऊ नये?
टॅली, ऑटोकॅड किंवा फोटोशॉप रोज लागत असेल, तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहेत. ऑनलाइन परीक्षेला विंडोजच लागतं का, हे कॉलेजला आधी विचारा. लिहिणं, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट आणि प्रोग्रॅमिंग यांना लिनक्स पुरतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही सेटिंगमध्ये मिळतो.

लिनक्स म्हणजे गरिबाची तडजोड, असंही समजू नका. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण उभी आहे. अशा रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी तपासायला खगोलशास्त्रज्ञ वापरतात ते 'कासा' सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं. तुमच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवरही तेच लिनक्स असेल. फक्त पेनड्राइव्हची पंधरा मिनिटं आधी द्या, पैसे नंतर.