लंडनमध्ये उतरायचे कुठे?

लंडनला जायचे ठरले की घरात चर्चा सुरू होते ती विमानाच्या तिकिटांची, व्हिसाची आणि स्वेटरांची. चिवडा-चकली किती न्यायची यावरही मतभेद होतात. उतरायचे कुठे, हा प्रश्न मात्र बहुधा सर्वांत शेवटी येतो आणि ‘स्वस्तात मिळेल ते बघू’ या चार शब्दांत निकालात निघतो. वास्तविक आठ-दहा दिवसांची सहल सुखाची होणार की पायपिटीची, हे या एका निर्णयावर जेवढे ठरते तेवढे दुसऱ्या कशावरही ठरत नाही. खोली लहान असली तर भागते. न्याहारीला रोज तोच टोस्ट आला तरी भागते. पण वस्ती चुकली, तर रोजचे दोन-अडीच तास जाण्यायेण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी आजी म्हणतात, “तुम्ही जाऊन या, मी बसते खोलीवरच.” आयुष्यात एकदा घडणारा प्रवास, त्यासाठी मोडलेली मुदतठेव, आणि पाहायला काय मिळाले, तर हॉटेलच्या भिंती!

लंडन हे शहर केवढे आहे, याची आधी नीट कल्पना करून घ्यायला हवी. ३२ बरो आणि जुने ‘सिटी ऑफ लंडन’ मिळून जे लंडन होते, त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५७० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे बृहन्मुंबईच्या अडीच पटींहून अधिक. त्यामुळे जाहिरातीत ‘लंडन’ असे छापलेले हॉटेल क्रॉयडनला असू शकते किंवा विमानतळाच्या कुंपणाला लागून. त्यात खोटे काही नाही. दहिसरही मुंबईतच आहे; पण गेट वे ऑफ इंडिया पाहायला आलेल्या पाहुण्याला आपण दहिसरला उतरवत नाही.

इथे उपयोगी पडतो तो तिकिटांच्या झोनचा नकाशा. शहराच्या मध्यभागी झोन १, मग त्याभोवती कंकणासारखे २, ३, ४ असे झोन. हीथ्रो विमानतळ सहाव्यात. भुयारी रेल्वे आणि बस यांचे भाडे बँकेच्या कार्डानेच भरता येते आणि दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त कापले जात नाही. ही मर्यादा झोन १ आणि झोन २ यांना एकच आहे. म्हणजे खोली थोडी स्वस्त म्हणून झोन २ मध्ये घेतली तर प्रवासखर्चात विशेष फरक पडत नाही; पाचव्या-सहाव्या झोनमध्ये घेतली तर पडतो, आणि वेळेत तर फारच पडतो. एका कार्डावर एकच माणूस प्रवास करू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. अकरा वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेने फुकट जातात.

कुणाच्या पायांनी नकाशा वाचायचा?

आपण हॉटेल निवडतो ते घरातल्या सर्वांत उत्साही माणसाच्या सोयीने. संगणकावर तोच बसलेला असतो. ‘स्टेशन दहा मिनिटांवर’ हे त्याच्या चालीने दहा मिनिटे असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेच पाऊण तासाच्या पायपिटीसारखे वाटते. म्हणून एक साधा नियम पाळावा. घरात ज्याला सर्वांत कमी चालवते, त्याच्या पायांनी नकाशा वाचावा. त्या माणसाला दारातून बाहेर पडून एकट्याने बागेतल्या बाकापर्यंत, दुधाच्या दुकानापर्यंत, बसच्या थांब्यापर्यंत जाता येईल का? येत असेल, तर ती वस्ती तुमच्यासाठी चांगली.

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि जगातली पहिली म्हणून तिचा गौरव होतो. पण वय झाले की जिने आलेच! २७२ स्थानकांपैकी रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येईल अशी स्थानके साधारण एक तृतीयांशच आहेत. उलट २४ मे २०२२ रोजी सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या एकूण ४१ स्थानकांवर फलाटापर्यंत विनापायरी जाता येते. बरोबर वृद्ध माणूस किंवा बाबागाडी असेल, तर ही एक गोष्ट बाकीच्या दहा गोष्टींपेक्षा महत्त्वाची ठरते.

चार वस्त्या, चार स्वभाव

पहिली पॅडिंग्टन आणि तिला लागून असलेली बेजवॉटर. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने गाडी न बदलता अर्ध्या तासात पॅडिंग्टन येते. ससेक्स गार्डन्स या रस्त्यावर मध्यम दरांची हॉटेले रांगेने उभी आहेत. दक्षिणेला हाइड पार्क आणि केन्सिंग्टन गार्डन्स. सकाळच्या फिरण्याला याहून चांगली जागा मिळणे कठीण. जवळच्या एजवेअर रोडवर अरबी खाणावळी पुष्कळ आहेत, तिथे फलाफल आणि हुमुस यांवर शाकाहारी माणसाचे पोट नीट भरते. स्थानकाशेजारच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावला. क्रिकेटवेड्यांना लॉर्ड्स इथून फार दूर नाही. दिलीप वेंगसरकरांनी १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तिन्ही दौऱ्यांत जिथे कसोटी शतके ठोकली, ते मैदान पाहिल्यावाचून परतणे मुंबईकराला शोभत नाही.

दुसरी वस्ती ब्लूम्सबरी. ही पुस्तकांची, चौकाचौकांतल्या बागांची आणि विद्यापीठाची वस्ती. ब्रिटिश म्युझियम १७५९ पासून लोकांसाठी खुले आहे आणि तिथला कायमस्वरूपी संग्रह पाहायला पैसे पडत नाहीत. जवळ राहण्याचा फायदा हा, की ते एका दिवसात उरकावे लागत नाही. रोज दीड तास जाऊन परत येता येते. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये १९६८ साली बसवलेला गांधीजींचा पुतळा आहे. मराठी माणसाला या भागाचे अगत्य आणखी एका कारणाने वाटावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये शिकले, त्या दोन्ही संस्था इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयातही ते तासन्तास बसत. ते राहत असलेले १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. यूस्टनहून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरले की ते जवळ आहे. यूस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय खाणावळींची जुनी परंपरा आहे. एक सावधगिरी मात्र हवी. हीथ्रोहून पिकॅडिली लाइन थेट रसेल स्क्वेअरला येते, पण त्या स्थानकात लिफ्ट असूनही पायऱ्या चुकत नाहीत. आणि जिन्यानेच वर यायचे म्हटले तर पायऱ्या १७५. जड सामान असेल तर एक स्थानक पुढे किंग्ज क्रॉसला उतरून टॅक्सी करावी.

तिसरी साउथ केन्सिंग्टन. मुले बरोबर असतील तर हिला तोड नाही. नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तिन्ही संग्रहालये एकमेकांच्या शेजारी आहेत आणि तिन्हींना प्रवेश विनामूल्य. पाऊस आला की आत शिरावे, ऊन पडले की हाइड पार्क गाठावे. वस्ती मात्र श्रीमंतांची, त्यामुळे दरही तसेच. त्याला उपाय म्हणजे दोन स्थानके पश्चिमेला असलेले अर्ल्स कोर्ट. तिथे साधी हॉटेले बरीच आहेत, हीथ्रोची पिकॅडिली लाइन थेट येते आणि स्थानकात लिफ्टही आहे.

चौथी वस्ती थेम्सच्या दक्षिण काठावरची, वॉटर्लूपासून सदर्कपर्यंतची. ज्यांना चालण्याची हौस आहे, अशांनी इथे उतरावे. वेस्टमिन्स्टर पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंत नदीकाठाने साडेतीन-चार किलोमीटरचा रस्ता आहे. वाटेत टेट मॉडर्न, शेक्सपिअरच्या ग्लोबची १९९७ साली खुली झालेली प्रतिकृती आणि बरो मार्केट लागते. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, तेव्हा जेवणानंतरचा फेरफटका उजेडात होतो. डिसेंबरात मात्र चारच्या आधीच अंधार पडतो, हे जाण्याचा महिना ठरवताना विसरू नये.

आपल्या माणसांत की शहरात?

यानंतर येतो तो खरा नाजूक प्रश्न. भाचा हॅरोला राहतो, मैत्रिणीची मुलगी स्लाउला. “हॉटेल कशाला? घर आहे ना आपलं!” असा आग्रह होतो आणि तो मनापासून असतो. तिकडच्या वस्त्यांना आपलेपण आहेच. साउथॉलमध्ये पंजाबी बाजार, वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर गुजराती दुकाने, आणि डॉलिस हिलला १९३२ पासून लंडनमधल्या मराठी माणसांना एकत्र आणणारे महाराष्ट्र मंडळ. पोळी-भाजीची चिंता तिथे मिटते.

पण यजमान नोकरी करणारे असतात. सकाळी आठला ते बाहेर पडतात, सुट्टी मोजून मिळालेली असते आणि घरकामाला बाई नसते. पंधरा दिवसांचा पाहुणचार करताना त्यांची ओढाताण होते आणि पाहुणेही अवघडतात. वर्षानुवर्षे जपलेल्या नात्यात एका मुक्कामाने कडवटपणा यावा, हे कुणालाच नको असते. म्हणून मुक्काम दोन भागांत वाटावा. पहिले चार-पाच दिवस शहरात हॉटेलवर राहून बघण्यासारखे ते बघून घ्यावे, आणि शनिवार-रविवार जोडून दोन-तीन दिवस नातेवाइकांकडे निव्वळ गप्पांसाठी जावे. भेटीचा आनंद त्यामुळे वाढतो.

वस्ती ठरली की खोली घेण्याआधी हॉटेलला चार प्रश्न लेखी विचारावेत. लिफ्ट आहे का? कारण यांपैकी बरीच हॉटेले जुन्या, अरुंद घरांत आहेत आणि चौथ्या मजल्यापर्यंत फक्त जिना असतो. खोली तळघरात तर नाही ना? अंघोळीला टबची कड ओलांडावी लागते, की सपाट जागा आहे? खोली मिळायच्या वेळेआधी पोहोचलो तर सामान ठेवून घ्याल का? उन्हाळ्यात जाणार असाल तर पाचवा प्रश्न वातानुकूलनाचा. १९ जुलै २०२२ रोजी हीथ्रोला पारा ४० अंशांवर गेला होता, आणि जुन्या हॉटेलांत पंखासुद्धा असेलच असे नाही.

सारांश सांगायचा तर, वडीलधाऱ्यांना घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी पॅडिंग्टन-बेजवॉटर, मुले असणाऱ्यांनी साउथ केन्सिंग्टन किंवा अर्ल्स कोर्ट, वाचनाची आवड असणाऱ्यांनी ब्लूम्सबरी आणि चालणाऱ्यांनी नदीचा दक्षिण काठ धरावा. बाहेरच्या झोनमधल्या स्वस्त खोलीचा मोह होईल तेव्हा वाचणाऱ्या पैशांशेजारी रोजचे भाडे आणि रोजचे तास मांडून बघावेत. आणि शेवटचा शब्द संगणकावर बसलेल्याचा नसावा. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून, ज्यांना सर्वांत कमी चालवते त्यांना आधी विचारावे. बहुतेक वेळा त्यांची मागणी फार मोठी नसते; एक बाक, थोडी झाडी आणि परत यायला सोपा रस्ता.