दोष केवळ मातेचा नव्हे

पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांची, स्वतःची 37 जनुके मातेकडून येतात हे खरे. परंतु तेवढ्या आधारावर दुर्बल अपत्याचा दोष सुनेच्या माथी मारण्याचा फैसला शास्त्राला मंजूर नाही, कारण या कणिकांना लागणारी हजारावर प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून घडतात, आणि तंतुकणिकांच्या बालवयातील पुष्कळ विकारांत सदोष जनुक माता व पिता या उभयतांकडून आलेले असते. मामाच्या मुलीशी सोयरीक जुळविण्याची सातारा-सांगलीकडील जुनी वहिवाट अशा सुप्त दोषांच्या भेटीस वाव देते (प्रत्येक अशा संसारात रोग ठेवलेलाच, असे मात्र मुळीच नव्हे). तंतुकणिकांचा विकार संसर्गजन्य नाही. शक्तिवर्धक चूर्णाने तो हटत नाही. उलट, ‘पोल्ग’ जनुकात दोष असल्यास अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट हे औषध यकृतास प्राणघातक ठरू शकते.