अश्रू आणि चेंडू : क्रीडारसिकाच्या एका तक्रारीचा विचार

१

एखाद्या नामांकित संघाची लबाडी उघडकीस आली की क्रीडारसिकाचा संताप प्रथम त्या संघावर होतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु आठ-पंधरा दिवस लोटल्यावर हा संताप आपली दिशा बदलतो आणि वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांच्याकडे वळतो, असा अनुभव वारंवार येतो. या दुसऱ्या संतापाची मीमांसा सहसा एका वाक्यात उरकली जाते. रसिक हा आपल्या संघाचा आंधळा भक्त असतो, त्याला अप्रिय बातमी नको असते, म्हणून तो बातमी आणणाऱ्यावरच रागावतो, असे सांगितले जाते. ही मीमांसा सर्वस्वी खोटी नाही. तथापि ती अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रसिकाची खरी तक्रार फार लिहिले गेले ही नसते. जे लिहायला हवे होते ते लिहिले गेले नाही, ही असते.

प्रस्तुत लेखक क्रीडासमीक्षक नाही. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, घडलेली घटना आणि तिची सांगितली जाणारी कथा यांतील अंतर हा साहित्याच्या अभ्यासकाचा नित्याचा विषय आहे. आणि प्रेक्षकाच्या आस्वादात विघ्न कशाने येते, याचा विचार तर आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वीच केलेला आहे.

२

विवेचनासाठी मुख्यतः एकच प्रसंग घेऊ. २४ मार्च २०१८ रोजी केप टाऊन येथील न्यूलँड्स मैदानावर दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांच्यातील तिसऱ्या कसोटी सामन्याचा तिसरा दिवस होता. ऑस्ट्रेलियाचे कॅमेरन बँक्रॉफ्ट हातातील एका पिवळ्या वस्तूने चेंडू घासत असल्याचे कॅमेऱ्याने टिपले. ते दृश्य मैदानावरील मोठ्या पडद्यावर दिसताच त्यांनी ती वस्तू विजारीत लपवली, आणि पंचांनी विचारणा केली तेव्हा खिशातून चष्म्याचे काळे फडके काढून दाखवले.

चेंडू घासण्याने काय साधते, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. जुन्या चेंडूची एक बाजू लकाकती व दुसरी खरखरीत राहिली, तर वेगवान गोलंदाजाचा चेंडू हवेत अनपेक्षितपणे लकाकत्या बाजूकडे वळतो. यालाच रिव्हर्स स्विंग म्हणतात. घामाने किंवा कपड्याने एक बाजू चमकवणे त्या वेळी नियमात बसत होते. बाहेरची वस्तू आणून दुसरी बाजू खरवडणे मात्र नियमबाह्य होते व आहे.

त्याच संध्याकाळी कर्णधार स्टीव्ह स्मिथ व बँक्रॉफ्ट यांनी वार्ताहरांसमोर कबुली दिली. ती वस्तू म्हणजे मातीचे कण चिकटवलेली चिकटपट्टी होती, असे त्यांनी सांगितले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ते तसेच छापले. चार दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने जाहीर केले की ती चिकटपट्टी नव्हतीच. सुतारकामात वापरतात तो पॉलिश पेपर होता. म्हणजे ज्या कबुलीच्या प्रामाणिकपणाची चर्चा चालली होती, ती कबुलीच खोटी होती.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने स्मिथ यांना एका कसोटीपुरते निलंबित करून त्यांचे पूर्ण मानधन कापले. बँक्रॉफ्ट यांचे ७५ टक्के मानधन कापले. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने मात्र स्मिथ व उपकर्णधार डेव्हिड वॉर्नर यांना १२ महिने आणि बँक्रॉफ्ट यांना ९ महिने खेळापासून दूर ठेवले. आधी कल्पना असलेले खेळाडू हे तीनच, असा मंडळाचा निष्कर्ष होता. प्रशिक्षक डॅरेन लीमन यांना निर्दोष ठरवण्यात आले. तरीही त्यांनी पद सोडले.

२९ मार्च रोजी स्मिथ सिडनीच्या विमानतळावर वार्ताहरांसमोर आले आणि ढसाढसा रडले. मागे उभ्या असलेल्या वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. ते दृश्य जगाने पाहिले, पुनःपुन्हा पाहिले. त्या दिवसापासून या प्रकरणाच्या वार्तांकनाचा नूरच पालटला. कालपर्यंत ‘कलंक’ हा शब्द लिहिणाऱ्या लेखण्या ‘क्षमा’ हा शब्द लिहू लागल्या.

३

अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील अखेरचे विघ्न ‘संशययोग’ हे आहे. अनुभाव एकटा दिसला तर त्याचा अर्थ निश्चित होत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. आणि त्याने दिलेले उदाहरण नेमके अश्रूंचेच आहे. अश्रू शोकाने येतात, तसे आनंदानेही येतात आणि डोळ्यांच्या विकारानेही येतात. त्या अश्रूंबरोबर त्यांचे कारण, म्हणजे विभाव, दाखवला गेला तरच प्रेक्षकाचा संशय फिटतो.

न्यूलँड्सच्या प्रकरणात रसिकाला अनुभाव मिळाला, विभाव मिळाला नाही. अश्रू दिसले, पण ते कशाचे? केलेल्या कृत्याच्या पश्चात्तापाचे, पकडले गेल्याच्या लाजेचे, की इतरांचे ओझे एकट्याने वाहावे लागल्याच्या दुःखाचे? स्मिथ यांच्या दुःखाच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे येथे कारण नाही. परंतु त्यांच्या अश्रूंचा अर्थ ठरवण्यास जी सामग्री आवश्यक होती, ती रसिकाच्या हाती कधीच आली नाही. किती डावांत हे चालले होते? चेंडू आपल्या हाती कोणत्या अवस्थेत येतो हे ज्यांना सर्वांहून अधिक कळते, त्या गोलंदाजांना काय ठाऊक होते? चेंडू कसा घासावा याचे प्रात्यक्षिक वॉर्नर यांनी कनिष्ठ खेळाडूस दाखवले, असे मंडळाच्याच निवेदनात म्हटले होते. मग प्रात्यक्षिक दाखवणारा ते कोठे व कधी शिकला? हे प्रश्न कोणत्याही जाणत्या प्रेक्षकाला सुचतील असेच आहेत.

वार्ताहरांनी ते विचारलेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३१ मार्च रोजी वॉर्नर यांना इतर कोण सामील होते, हे पुनःपुन्हा विचारण्यात आले व त्यांनी पुनःपुन्हा उत्तर टाळले. परंतु प्रश्न विचारणे वेगळे आणि न मिळालेल्या उत्तराचा पाठपुरावा करणे वेगळे. पाप, कबुली, अश्रू, प्रायश्चित्त आणि पुनरागमन या पाच अंकांची कथा इतकी जुनी व इतकी घडीव आहे की एकदा तिच्यात पाऊल पडले म्हणजे पुढचे अंक आपोआप लिहिले जातात. त्या कथेला नायक एक लागतो, फार तर तीन. चौकशीला मात्र नायक लागत नाही; तिला तारखा, वस्तू आणि साक्षी लागतात. वृत्तपत्रांनी चौकशी सोडून कथा पत्करली, ही रसिकाची तक्रार आहे.

ही तक्रार किती रास्त होती, हे तीन वर्षांनी दिसले. मे २०२१ मध्ये, गोलंदाजांना कल्पना होती का, या प्रश्नावर बँक्रॉफ्ट यांनी ते उघडच आहे अशा आशयाचे उत्तर दिले. प्रकरण पुन्हा पेटले. त्या सामन्यातील चार प्रमुख गोलंदाजांनी संयुक्त निवेदन काढून, मोठ्या पडद्यावर दृश्य दिसेपर्यंत आपल्याला काही माहीत नव्हते, असे सांगितले. मंडळाने विचारणा केली तेव्हा नवी माहिती आपल्याकडे नाही, असे बँक्रॉफ्ट यांनी कळवले. गोलंदाजांचे म्हणणे अक्षरशः खरे असू शकेल. परंतु ते खरे मानण्यास किंवा न मानण्यास रसिकापाशी आधार कोणता? संशय जेथे होता तेथेच राहिला; आणि त्याचा जाच निर्दोष असणाऱ्यांनाही तितकाच झाला.

४

येथे कोणी म्हणेल की परक्या संघाविषयी असा तटस्थ विचार करणे सोपे आहे. म्हणून आपल्या घरातील प्रसंगाकडे वळू. नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतच, पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत, सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा सुनावल्या. त्यांत सचिन तेंडुलकर होते. चेंडूच्या शिवणीवरून त्यांची बोटे फिरत असल्याचे दूरचित्रवाणीवर दिसले होते. मैदानावरील पंचांनी तक्रार केलेली नव्हती. त्यांना एका कसोटीच्या निलंबनाची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवण्यात आली, आणि ७५ टक्के मानधन कापले गेले. डेनेस वार्ताहरांसमोर येऊन बसले खरे, परंतु निर्णयाविषयी बोलण्याची त्यांना मुभा नव्हती. पुढचा सेंच्युरियनचा सामना दोन्ही मंडळांनी दुसरा सामनाधिकारी नेमून खेळवला. आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याला अधिकृत कसोटीचा दर्जा नाकारला.

चेंडूची अवस्था बदलणे हा एक अपराध आहे. चेंडूला लागलेली माती पंचांना न सांगता काढणे हा दुसरा, पुष्कळ किरकोळ असा नियमभंग आहे. तेंडुलकरांवरचा ठपका वस्तुतः दुसऱ्या प्रकारचा होता, हे नंतर स्पष्ट करण्यात आले. परंतु तोपर्यंत आपल्याकडील चर्चा राष्ट्राचा अपमान, वर्णभेद आणि दैवताची विटंबना या मोठ्या शब्दांत इतकी गुंतली होती की हा साधा भेद फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचला. आजही मराठी घरांत हा विषय निघाला तर डेनेस यांच्याविषयीचा राग आठवतो; नियम काय होता हे आठवत नाही. केप टाऊनला अश्रूंनी जे केले तेच आपल्याकडे अभिमानाने केले. दोन्ही ठिकाणी भावना खरी होती. दोन्ही ठिकाणी चेंडू मात्र नजरेआड झाला. आणि या दुसऱ्या प्रसंगी स्पष्ट माहितीचा लाभ आपल्याच खेळाडूला झाला असता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

५

मग रसिकाला नेमके हवे तरी काय असते? याचे उत्तर एका रसिकानेच आपल्या कृतीने देऊन ठेवले आहे. ते मात्र क्रिकेटच्या जगात नसून अमेरिकेतील बेसबॉलच्या जगात आहे. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघाने २०१७ चे विजेतेपद मिळवले. चेंडू कसा टाकावा याची खूण त्या काळी पाठीमागचा झेलकरी बोटांनी करत असे. ह्यूस्टनच्या घरच्या मैदानावर ही खूण कॅमेऱ्याने टिपून, कचऱ्याच्या डब्यावर ठोके देऊन फलंदाजाला कळवली जात होती, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच संघाच्या एका माजी खेळाडूच्या सांगण्यावरून उघड झाले. जानेवारी २०२० मध्ये संघाला ५० लाख डॉलर दंड झाला, व्यवस्थापकांना एका हंगामापुरते निलंबित करण्यात आले. साक्षीच्या मोबदल्यात अभय मिळाल्यामुळे खेळाडूंपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही.

त्या संघाच्या एका चाहत्याने २०१७ मधील घरच्या ५८ सामन्यांची चित्रमुद्रणे घेतली आणि ८,२७४ चेंडू एकामागून एक तपासले. त्यांपैकी १,१४३ चेंडूंच्या वेळी त्याला डब्याचा ठोका ऐकू आला. कोणत्या सामन्यात किती, कोणत्या फलंदाजासाठी किती, हे सारे त्याने प्रसिद्ध केले. आणि सर्व फलंदाजांचे प्रमाण सारखे नाही, हेही त्यातून दिसले. ‘सगळेच चोर’ आणि ‘सगळे काही क्षुल्लक’ ही दोन्ही विधाने त्या एका कोष्टकाने मागे पडली.

हे काम करणारा शत्रुपक्षाचा नव्हता, हे विशेष. ज्या वर्षाने त्याला आनंद दिला होता, त्या वर्षातले आपले काय उरले, याचा तो शोध घेत होता.

६

लबाडीने रसिकाचे खरे नुकसान होते ते येथे. जत्रेच्या फडात कुस्ती नुरा आहे असे कळले तर प्रेक्षक उठून जातो. त्याची एक संध्याकाळ वाया जाते. मोठ्या संघाची लबाडी मात्र मागाहून कळते, आणि ती मागे जाऊन पूर्वीच्या आनंदालाही ग्रासते. नाटकात सारे लटके आहे हे आपण आधीच मान्य केलेले असते. खेळात उलट आहे. तेथे सारे खरे आहे, एवढ्याच एका विश्वासावर आस्वाद उभा असतो. तो विश्वास ढळला की रसिकाला पूर्वीचा प्रत्येक झेल, प्रत्येक बळी पुन्हा तपासून घ्यावासा वाटतो. हे आंधळ्या भक्ताचे लक्षण नव्हे. ज्याला आनंदाचे मोल कळते त्याचे हे लक्षण आहे.

वृत्तपत्रांच्या अडचणी खऱ्या आहेत. अंक वेळेवर निघायचा असतो. अब्रुनुकसानीचा कायदा डोक्यावर असतो. ज्या खेळाडूंविषयी लिहायचे त्यांच्याशीच उद्या बोलायचे असते. आणि कोणाला साक्षीला बोलावण्याचा अधिकार वार्ताहराला नसतो. परंतु कबुली ही पुराव्यावाचून छापू नये, नियमाची भाषा वाचकाला समजावून द्यावी, आणि न मिळालेली उत्तरे महिन्यांनीही पुन्हा मागावीत, एवढे करण्यास यांपैकी कोणतीच अडचण आड येत नाही. वार्ताहराने अश्रू जरूर दाखवावेत. परंतु त्यांच्या शेजारी तो चेंडूही ठेवावा, म्हणजे अश्रूंचा अर्थ रसिक आपला आपण लावील.