तबकडीवाचून खेळ

वस्तू नवी असते, देखणी असते, तरीही गिऱ्हाईक तिच्याकडे पाठ फिरवते. असे का व्हावे? सोनी या जपानी कंपनीच्या ‘पीएसपी गो’ या हातात धरून खेळावयाच्या यंत्राची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

हे यंत्र १ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत व युरोपात विक्रीस आले. वजन अवघे १५८ ग्रॅम. आधीच्या पीएसपीत खेळ लहानशा तबकडीवर मिळत असे. ‘गो’मध्ये तबकडीला जागाच नव्हती. खेळ इंटरनेटवरून विकत घ्यायचा आणि यंत्रातच उतरवून ठेवायचा. कल्पना तर सोयीची. मग बिघडलं कुठं?

प्रथम किंमत पाहा. तबकडीचे यंत्र अमेरिकेत सुमारे १७० डॉलरला मिळत होते; हे २५० डॉलरला. शिवाय ज्यांनी हौसेने तबकड्या जमवल्या होत्या, त्यांच्या त्या नव्या यंत्रात चालेनात. दुकानदारही नाराज. यंत्र एकदाच खपते, पण खेळ घ्यायला गिऱ्हाईक पुनःपुन्हा येते. ते येणेच इथे बंद झाले.

आता आपल्या नागपुराकडे वळू. त्या काळी आपल्या देशात सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला, की त्याला ब्रॉडबँड म्हणत. त्या वेगाने एक गिगाबाइटचा खेळ उतरवायला साडेआठ तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात माणूस सीताबर्डीला दहा वेळा जाऊन येईल!

पण खरी मेख याहून खोल आहे. पुस्तक वाचून झाले, की आपण ते शेजाऱ्याला देतो, नाही तर अर्ध्या किमतीला विकतो. तबकडीचेही तसेच. उतरवून घेतलेला खेळ मात्र ना उसना देता येतो, ना विकता येतो. दाम पुरा, हक्क अपुरा! गिऱ्हाइकाला हा हिशेब बरोबर कळतो.

२०११ मध्ये जपानात या यंत्राचा पुरवठा थांबला. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या ‘व्हिटा’ या यंत्रात खेळाच्या छोट्या कार्डासाठी पुन्हा खाच ठेवलेली होती.

आज इंटरनेटचा वेग वाढला आहे आणि खेळ उतरवून घेणे अंगवळणी पडले आहे. तरी पैसे मोजण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा: आपण वस्तू घेतो आहोत, की नुसती वापरायची परवानगी?