परशुरामाची भूमि आणि खारें पाणी

वसई रोड स्टेशनावरून वसईच्या किल्ल्याकडे निघालें म्हणजे वाटेंत पापडी हें गांव लागतें. गांवाचें मोठें तळें आहे, आणि १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र ख्रिस्ती धर्मप्रांत झाल्यापासून येथील चर्चला कॅथेड्रलचा मान आहे. या परिसराच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र. पूर्वेसही एके काळीं पाणीच होतें. सोपाऱ्याची खाडी गाळानें भरत गेली आणि वसईचें बेट हळूहळू मुख्य भूमीस चिकटलें. समुद्रानें जमीन सोडून दिल्याची गोष्ट येथील माणसास पटवून द्यावी लागत नाहीं. ती त्याच्या परसांत घडलेली आहे.

हीच गोष्ट पुराणांनीं परशुरामाच्या नांवावर सांगितली. कोंकण ही परशुरामाची भूमि, हें मराठी घरांतील मूल लहानपणींच ऐकतें. परंतु तीच कथा गोकर्णास कानडीत, उडुपीस तुळूंत आणि त्रावणकोरांत मल्याळींत तितक्याच आपलेपणानें सांगितली जाते, आणि दक्षिणेकडे जावें तसतसे तिला नवे अध्याय जोडलेले आढळतात, हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

कथेचें उत्तरेकडील टोंक पापडीपासून थोड्याच मैलांवर आहे. महाभारताच्या शांतिपर्वांत असें आहे कीं, एकवीस वेळां क्षत्रियांचा संहार करून परशुरामानें जिंकलेली सारी पृथ्वी कश्यपाला दान दिली. तेव्हां कश्यपानें त्याला सांगितलें कीं दिलेल्या भूमीवर दात्यानें राहूं नये, दक्षिण समुद्राच्या तीरीं निघून जावें. मग समुद्रानेंच त्याच्यासाठीं शूर्पारक नांवाचा देश निर्माण केला. शूर्पारक म्हणजे आजचें सोपारें. या जुन्या कथेंत बाण नाहीं, परशु नाहीं, धमकीही नाहीं. ज्याच्याजवळ उभें राहण्यापुरतीही जागा उरली नव्हती, त्याला समुद्रानें आश्रय दिला, इतकेंच. पुढच्या सर्व कथांपेक्षां ही कथा शांत आणि अधिक सुंदर आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वनपर्वांत याच शूर्पारकांतील रामतीर्थाचें वर्णन येतें, आणि तेथें स्नान केल्याचें फळ म्हणून पुष्कळ सुवर्णाचा उल्लेख आहे. सोपारें हें ग्रीक खलाशांनाही ठाऊक असलेलें बंदर. अशा ठिकाणच्या तीर्थाचें फळ सोन्यांत सांगितलें जावें यांत नवल तें काय? तीर्थ केवळ पोथींतलें नव्हे. नहपानाचा जांवई उषवदात याच्या नाशिकच्या लेण्यांतील लेखांत शूर्पारकाच्या रामतीर्थाचें नांव आहे. तेथील व इतर कांहीं स्थळींच्या चरकांच्या परिषदांना त्यानें बत्तीस हजार नारळीचीं झाडें दान दिल्याची नोंद आहे. हा लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. म्हणजे तेव्हांपासून या किनाऱ्यावर रामाचें तीर्थ आहे, आणि तें महाभारताच्या साक्षीप्रमाणें जामदग्न्य रामाचें, दाशरथीचें नव्हे. पुढें कालिदासानेंही रघूच्या दिग्विजयांत अपरांताचें वर्णन करतांना, रामाच्या अस्त्रानें मागें हटविलेला समुद्र जणूं पुन्हां सह्याद्रीस येऊन भिडला, अशी कल्पना केली आहे. आश्रय देणारा समुद्र कालिदासाच्या काळापर्यंत पराभूत समुद्र झाला होता.

दक्षिणेकडे निघालें म्हणजे कथेंत शस्त्रें दिसूं लागतात. गोव्यांत परशुराम सह्याद्रीवरून बाण सोडतो आणि तो पडला त्या गांवाचें नांव बाणावली. सह्याद्रिखंड नांवाचा जो ग्रंथ स्कंदपुराणाचा भाग म्हणून ओळखला जातो, आणि जो डॉ. गेर्सन द कुन्य या गोमंतकीय विद्वानानें १८७७ सालीं मुंबईस छापून प्रसिद्ध केला, त्यांत केरळ, तुलुंग, कोंकण अशा सात कोंकणांचा पसारा वर्णिला आहे. केरळांत बाणाच्या जागीं परशु येतो: गोकर्णाहून फेंकलेला परशु कन्याकुमारीपाशीं पडला आणि मधली भूमि वर आली. कांहीं कथांत परशुराम चक्क सूप फेंकतो. शूर्पारकांतील ‘शूर्प’ म्हणजे सूप, तेव्हां दूर दक्षिणेच्या कथेंतही सोपाऱ्याच्या नांवाचा धागा राहिला आहे असें दिसतें.

जमीन मिळाली, पुढें काय? येथें उत्तरेची कथा थांबते आणि दक्षिणेची खरी सुरू होते. तुळुनाडांत उडुपी, कोल्लूर, सुब्रह्मण्य, कुंभाशी, कोटेश्वर, शंकरनारायण व गोकर्ण हीं सात परशुरामक्षेत्रें मानतात. केरळांत एकशें आठ शिवालयांची स्थापना त्याच्याकडे देतात. परशुराम स्वतः चिरंजीव, म्हणून त्याचीं देवळें थोडीं. कोंकणांत चिपळुणाजवळ, गोव्यांत पैंगीण येथें, केरळांत तिरुवल्लम येथें, अशीं मोजकींच. त्याची खूण त्यानें स्थापिलेल्या दुसऱ्या देवांच्या देवळांतून पाहावयाची.

यांपैकीं सर्वांत मनोवेधक कथा मन्नारशाला येथील आहे. आलप्पुळा जिल्ह्यांत हरिप्पाड गांवाजवळ नागराजाचें हें प्रसिद्ध स्थान. तेथील स्थलपुराण सांगतें कीं, समुद्रांतून वर आलेल्या जमिनींत इतकें मीठ होतें कीं तींत कांहीं उगवेना आणि वसविलेले लोक राहावयास तयार होईनात. आपली देणगी निरुपयोगी ठरलेली पाहून परशुरामानें नागराजाची आराधना केली. नाग प्रसन्न झाले, त्यांच्या प्रखर विषानें जमिनींतील मीठ नाहींसें झालें आणि भूमि हिरवी झाली. कृतज्ञ परशुरामानें नागराजाची तेथेंच प्रतिष्ठा केली. या देवळाचें मुख्य पौरोहित्य पुरुषाकडे नसून त्या घराण्यांतील वडील स्त्रीकडे असतें. तिला ‘अम्मा’ म्हणतात. केरळांतील जुन्या घरांच्या आवारांत एक कोपरा नागांसाठीं राखून ठेवीत. त्या सर्पकावूंतील झाड तोडावयाचें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं शेजारीं एक लहानसें तळेंही असे.

विषानें मीठ जातें हें शास्त्रीय दृष्ट्या खरें नव्हे. पण ज्यानें ही कथा रचली त्याला शेती ठाऊक होती. समुद्राकडून मिळविलेली जमीन ही अर्धवट देणगी असते, हें त्याला कळलें होतें. कोंकणांतील खाजणाची रीत पाहा. प्रथम खाडीच्या मातीचा बांध घालून भरतीचें पाणी अडवावें लागतें. बांधांत ठिकठिकाणीं उघाडी ठेवतात. ओहोटीच्या वेळीं तिचें दार आंतल्या पाण्यानें उघडून पावसाचें पाणी बाहेर जातें, आणि भरती आली कीं तेंच दार बाहेरच्या दाबानें मिटतें. कांहीं पावसाळे जमीन अशी धुवून निघाली म्हणजे तींत काळा राता, भुरा राता यांसारखें खारेपणा सोसणारें भात धरूं लागतें. इतकें करूनही एखाद्या उधाणाला बांधास खांड पडली तर एका रात्रींत सारें शेत पुन्हां खारें. केरळांत पोक्कळी नांवाचें असेंच भात आहे. पावसाळ्यांत तें घ्यावयाचें आणि पुढें खारें पाणी आंत घेऊन त्याच शेतांत कोळंबी धरावयाची. कथेंतील नागांचें काम प्रत्यक्षांत पाऊस करतो, आणि परशुरामाचें काम बांध घालणारे हात करतात.

या हातांविषयीं मात्र कोणतेंच माहात्म्य बोलत नाहीं. केरळोत्पत्तींत परशुराम चौसष्ट ग्रामें वसवून ती भूमि ब्राह्मणांस देतो. सह्याद्रिखंडांत त्रिहोत्राहून आणलेल्या कुटुंबांस गोमंतकांत वसवितो. पुराणकथा येथें जमिनीचा दस्तऐवज बनते. केरळांतील जन्मी आपला हक्क परशुरामाच्या दानापर्यंत नेऊन भिडवीत, आणि बांध बांधणारा पुलया शेतमजूर त्या दानपत्रांत कोठेंच नसे. केरळांतील जन्मी पद्धति संपली ती १९७० च्या आरंभीं अंमलांत आलेल्या जमीनसुधारणेनें. कोंकणांतही निराळें नव्हतें. अलिबागेजवळ चरी येथें खारेपाटांतील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं खोतांविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा संप चालविला. सहा वर्षें घरांत नवें धान्य आलें नाहीं, पण माणसें हटलीं नाहींत. डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू घेतली, आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ सालीं झाला. समुद्राची जमीन कोणाची, या प्रश्नाला पुराणानें एक उत्तर दिलें होतें. चरीच्या कुळांनीं दुसरें दिलें.

वसईची स्वतःची कथा मात्र मिठाची नाहीं, असुराची आहे. पापडीच्या उत्तरेस निर्मळ हें क्षेत्र आहे. विमलासुर व परशुराम यांच्या वैराची कथा येथील माहात्म्यांत येते आणि देवाचें नांव विमलेश्वर. या क्षेत्रीं एका शंकराचार्यांची समाधि मानतात, म्हणून दूर केरळांत कालडी येथें जन्मलेल्या आद्य आचार्यांची परंपराही याच किनाऱ्याला येऊन टेंकते. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती घेतल्यावर मराठी अंमलांत निर्मळचीं देवळें पुन्हां उभीं राहिलीं. या मोहिमेमागेंही परशुरामाची छाया आहे. पेशव्यांचे गुरु ब्रह्मेंद्रस्वामी हे भार्गवाचे निस्सीम भक्त. १७२७ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दीच्या माणसांनीं चिपळुणाजवळील परशुरामाचें देऊळ लुटलें, तें दुःख त्यांनीं कधींच विसरलें नाहीं, आणि कोंकणच्या मोहिमांसाठीं ते पेशव्यांस सतत प्रोत्साहन देत राहिले.

विमल आणि निर्मळ, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: ज्यांत मळ नाहीं तें. तिन्ही बाजूंनीं खाऱ्या पाण्यानें वेढलेल्या प्रदेशांत तीर्थ म्हणून पुजलें जातें तें गोडें पाणी, हें कथेंत स्पष्ट सांगितलें नसलें तरी जागा पाहतांच समजतें. याच प्रदेशांतील बागाईतदारांनीं वाडीवाडींतून बावखलें खोदून ठेवलीं. बावखल म्हणजे पावसाचें पाणी सांठविणारें, विहिरीहून मोठें व तळ्याहून लहान असें खोलगट पाणवठ्याचें ठिकाण. त्याच्या पाण्यावर केळीच्या व पानवेलीच्या बागा वाढल्या. शिवाय गोड्या पाण्याच्या भारानें जमिनीखालून सरकणारें खारें पाणी दूर राहतें, हा त्याचा न दिसणारा उपयोग. केरळांत नागांना जें काम सोंपविलें तें वसईंत बावखलें करतात. त्यांच्याभोंवतीं माहात्म्य रचलें गेलें नाहीं आणि त्यांना कोणी हळद-दूध वाहत नाहीं. म्हणूनच कीं काय, इमारतींसाठीं तीं बुजवितांना कोणाचा हात थरथरत नाहीं, आणि तीं बुजलेल्या ठिकाणीं विहिरींचें पाणी मचूळ लागूं लागतें. सर्पकावूंतील झाड तोडतांना जें भय वाटतें त्याला अंधश्रद्धा म्हणावें. पण त्या भयानें झाडाबरोबर शेजारचें तळेंही राखलें, हें म्हणणाऱ्यानें विसरूं नये.

कार्तिक वद्य एकादशीपासून निर्मळची जत्रा भरते. तोंवर भातकापणी उरकलेली असते आणि मिठागरांत नव्या हंगामाची तयारी सुरू होण्याच्या बेतांत असते. हिंदू यात्रेकरू देवदर्शनाला येतात, आसपासच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबेंही जत्रेंत हिंडतात, आणि परततांना बहुतेकांच्या पिशवींत वसईच्या केळ्यांचीं सुकेळीं असतात.