उद्याच्या पेशंटसाठी कालचा तपास

ब्रिटनच्या किराणा दुकानांत आजही ‘अ‍ॅलिन्सन’ नावाचं कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ मिळतं. हे नाव ज्यांचं, ते थॉमस अ‍ॅलिन्सन लंडनमधले डॉक्टर होते. 1892 मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या अधिकृत नोंदवहीतून काढून टाकण्यात आलं. त्यांच्या हातून कुणाचा जीव गेला होता म्हणून नव्हे. त्यांनी स्वतःची जाहिरात केली होती आणि इतर डॉक्टर देत असलेल्या औषधांवर चारचौघांत सडकून टीका केली होती. ते कोर्टात गेले, पण 1894 मध्ये अपील कोर्टानेही त्यांच्याविरुद्धच निकाल दिला. त्या निकालातली कसोटी पुढे कित्येक दशकं वापरली गेली : धंद्यातल्या इतर प्रतिष्ठित आणि जाणत्या मंडळींना जे वागणं लाजिरवाणं वाटेल, ते गैरवर्तन.

पुढची गोष्ट आणखी गमतीची आहे. 1914 मध्ये गांधीजी लंडनमध्ये प्लुरसीने आजारी पडले. डॉ. जीवराज मेहता त्यांना दूध आणि धान्य खायला सांगत होते. गोपाळ कृष्ण गोखलेही तेव्हा तिथेच होते. डॉक्टर सांगतील ते मुकाट्याने खा, असा त्यांचा आग्रह. गांधींनी बोलावलं ते या अ‍ॅलिन्सनना. त्यांनी तपासलं, दुधाची गरज नाही म्हणून धीर दिला आणि साधा तपकिरी ब्रेड, कच्च्या भाज्या, फळं असा आहार लिहून दिला. म्हणजे बावीस वर्षांपूर्वी ज्यांना ‘डॉक्टर म्हणून नालायक’ ठरवलं होतं, त्यांच्यावर एक पेशंट गोखल्यांपेक्षाही जास्त विश्वास ठेवत होता!

मग डॉक्टर म्हणून कोण लायक, कोण नालायक, हे ठरतं कसं? निकाल न्यायाधिकरण देतं, पण त्याआधी कित्येक महिने एक माणूस फाइल घेऊन बसलेला असतो. त्याला तपास अधिकारी म्हणतात. त्याच्या हातात बेड्या नसतात, अंगावर गणवेश नसतो, आणि बहुतेक वेळा तो स्वतः डॉक्टरही नसतो. तरीही त्याच्या कामात एक असा विलक्षण पेच आहे, जो पोलिसी तपासात सहसा आढळत नाही.

या कामाची सुरुवात 1858 सालच्या कायद्यात सापडते. तोवर ब्रिटनमध्ये शिकलेला डॉक्टर कोण आणि भोंदू कोण, हे सामान्य माणसाला ओळखता येत नसे. ते ओळखता यावं म्हणून संसदेने जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे जीएमसी, स्थापन केली आणि तिच्याकडे एक नोंदवही सोपवली. पण ज्या यादीत नाव फक्त चढतं, उतरत कधीच नाही, तिच्यावर कोण भरवसा ठेवील? नाव काढायची सोय हवी, आणि नाव काढायचं तर आधी चौकशी हवी. तपास अधिकाऱ्याची खुर्ची या गरजेतून आली.

आज लंडन आणि मँचेस्टरमधल्या कार्यालयांत दरवर्षी हजारो तक्रारी येतात. त्यातल्या बहुतेक दारातच थांबतात. पहिला प्रश्न एकच असतो : यात लिहिलेलं सगळं शंभर टक्के खरं धरलं, तरी या डॉक्टरच्या परवान्यावर प्रश्नचिन्ह उभं राहील का? अपॉइंटमेंट उशिरा मिळाली, डॉक्टर तुटकपणे बोलले, अशा गोष्टी मनस्ताप देणाऱ्या असल्या तरी परवान्यापर्यंत पोचत नाहीत. त्या रुग्णालयाने सोडवायच्या. घटना पाच वर्षांहून जुनी असेल, तर सार्वजनिक हिताचं ठोस कारण असल्याशिवाय ती पुढे जात नाही.

जिथे धोका ताबडतोबीचा वाटतो, तिथे प्रकरण आधी अंतरिम आदेशांसाठी जातं. इथे डॉक्टर दोषी की निर्दोष, हे ठरतच नाही. तपास चालू असताना त्याला पेशंटसमोर बसू देणं सुरक्षित आहे का, एवढंच पाहिलं जातं. असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त 18 महिन्यांचा असतो आणि तो वाढवायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं.

मग कागदांचं काम सुरू होतं. तपासासाठी लागणारी माहिती आणि कागदपत्रं मागवण्याचा अधिकार कायद्याने जीएमसीला दिला आहे. केसपेपर, नर्सच्या नोंदी, ड्युटीचं वेळापत्रक, औषधांचा हिशेब, सगळं मागवलं जातं. नवख्याला हा रद्दीचा ढीग वाटेल; जाणत्याला त्यात मिनिटामिनिटाचा हिशेब दिसतो. विशेषतः संगणकावरच्या नोंदीला दोन तारखा असतात. एक डॉक्टरने टाकलेली, दुसरी यंत्राने गुपचूप टिपलेली.

या दुसऱ्या तारखेचं मोल जगाला हॅरॉल्ड शिपमनच्या खटल्यात कळलं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला हा फॅमिली डॉक्टर. लोकांचा त्याच्यावर जीव होता. पेशंटच्या मृत्यूनंतर त्यांना आधीपासून हृदयविकार होता असं दाखवण्यासाठी तो जुन्या तारखांच्या नोंदी घालत असे. त्या नोंदी प्रत्यक्षात कधी टंकल्या गेल्या, हे मात्र संगणकाच्या हार्ड डिस्कवर लिहिलेलं होतं. जानेवारी 2000 मध्ये त्याला 15 खुनांसाठी शिक्षा झाली. पुढे न्यायमूर्ती डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने बळींचा आकडा 215 असल्याचं सांगितलं.

अंगावर काटा येतो तो या कहाणीच्या सुरुवातीने. 1976 मध्येच शिपमनला स्वतःच्या व्यसनापायी पेथिडीन या वेदनाशामक औषधासाठी खोट्या चिठ्ठ्या बनवल्याबद्दल कोर्टाने दंड केला होता. जीएमसीपुढे प्रकरण आलं, तेव्हा ताकीद देणारं पत्र पाठवून फाइल बंद झाली. तेव्हा कठोर कारवाई झाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. व्यसनी डॉक्टरला उपचार घेऊन कामावर परतू देणं हीच त्या काळची रीत होती. पण 2004 च्या अहवालात स्मिथ यांनी जीएमसीच्या वृत्तीवर नेमकं बोट ठेवलं : ही संस्था पेशंटपेक्षा डॉक्टरांच्या हिताकडे जास्त पाहत आली आहे. आज कौन्सिलच्या बारा सदस्यांपैकी निम्मे डॉक्टर नसलेले असतात. 2008 पासून पुराव्याची पातळीही बदलली. फौजदारी खटल्यासारखी ‘संशयातीत’ खात्री आता लागत नाही. घडलं असण्याची शक्यता न घडण्याहून जास्त, एवढं पुरेसं ठरतं. निकाल देणारं न्यायाधिकरण 2012 पासून मँचेस्टरमध्ये स्वतंत्रपणे चालतं, म्हणजे तपास करणारे आणि न्याय करणारे एका टेबलावर बसत नाहीत.

कागदांनंतर माणसं. तक्रारदाराचा जबाब घेणं हे बहुधा या कामातलं सर्वांत नाजूक कौशल्य. समोर बसलेल्या बाईचा नवरा गेलेला असतो. तिला सगळं एकदम सांगायचं असतं. अधिकाऱ्याला मात्र विचारावं लागतं की फोन किती वाजता केला, उचलला कुणी, नेमके शब्द काय होते. सहानुभूती हवी, पण तिच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. नंतर त्याच शाखेतला एखादा तज्ज्ञ कागद वाचून मत देतो. त्याने स्वतः काय केलं असतं, हे त्याला विचारलेलं नसतं. या शाखेतल्या सर्वसाधारण सक्षम डॉक्टरकडून जे अपेक्षित आहे, त्याहून हे काम खालच्या दर्जाचं होतं का, आणि असेल तर थोडं की फार, एवढंच त्याने सांगायचं. मग आरोपांचं पत्र डॉक्टरला जातं आणि उत्तरासाठी 28 दिवस मिळतात. फाइल पुढे दोघांसमोर जाते : एक डॉक्टर, एक डॉक्टर नसलेला. दोघांचं एकमत झालं, तरच प्रकरण पुढे जातं किंवा तिथेच संपतं.

पण शोधायचं तरी काय? इथे तो पेच येतो. चोर पकडला, चोरी सिद्ध झाली, शिक्षा झाली, की पोलिसांचं काम संपतं. इथे कालची चूक सिद्ध झाली, तरी मुख्य प्रश्न बाकीच राहतो : हा माणूस उद्या पेशंट तपासायला लायक आहे का? 2006 च्या एका निकालात ब्रिटिश अपील कोर्टाने हे स्वच्छ सांगितलं. या कारवाईचा हेतू शिक्षा करणं हा नाही, लोकांचं रक्षण करणं हा आहे. म्हणून तिची नजर पुढे असते, आणि मागे पाहायचं ते पुढचा अंदाज बांधण्यापुरतं. दोन वर्षांनी दुसऱ्या एका निकालातून तीन प्रश्न रूढ झाले. चूक सुधारता येण्याजोगी आहे का? ती सुधारली आहे का? पुन्हा घडण्याची शक्यता नगण्य आहे का? त्यामुळे तपास अधिकारी डॉक्टरविरुद्धच्या पुराव्याइतक्याच काळजीने त्याने नंतर घेतलेलं प्रशिक्षण, सहकाऱ्यांची मतं आणि चुकीची त्याला आलेली जाणही फाइलला लावतो. यातून एक विचित्र उलटापालट होते. टाका घालताना झालेली चूक शिकून सुधारता येते, पण खोटेपणा सुधारला हे दाखवायचं कसं? म्हणूनच लपवाछपवी अनेकदा मूळ चुकीहून महाग पडते.

हा पेच किती खोल जाऊ शकतो, ते डॉ. हदिजा बावा-गार्बा यांच्या प्रकरणात दिसलं. फेब्रुवारी 2011 मध्ये लेस्टरच्या रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा जंतुसंसर्गाने दगावला. डॉ. बावा-गार्बा बाळंतपणाच्या दीर्घ रजेनंतर नुकत्याच परतल्या होत्या. सहकारी कमी होते, संगणक बंद पडल्याने तपासण्यांचे रिपोर्ट अडकले होते, वरिष्ठ डॉक्टर दिवसाचा बराच वेळ गावाबाहेर होते. तरी त्यांच्या स्वतःच्या चुका गंभीर होत्या, आणि 2015 मध्ये ज्यूरीने त्यांना घोर निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी दोषी ठरवलं. न्यायाधिकरणाने नाव न काढता त्यांना एक वर्ष निलंबित केलं. जीएमसी याविरुद्ध कोर्टात गेली आणि जानेवारी 2018 मध्ये नाव काढण्याचा हुकूम मिळवला. हजारो डॉक्टर खवळले : व्यवस्था कोलमडली, मग सुळावर एकट्या डॉक्टरलाच का, असा त्यांचा सवाल होता. ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने न्यायाधिकरणाचा मूळ निर्णय कायम केला. ज्यूरीने दोष ठरवला. उद्याचा धोका तोलणं हे न्यायाधिकरणाचं वेगळं काम आहे, हा अपील कोर्टाच्या निकालाचा गाभा. पुढे त्या पुन्हा डॉक्टर म्हणून कामावर रुजू झाल्या. ज्या आईने मुलगा गमावला, तिला हा निकाल पटणं अवघड आहे, आणि ते समजण्यासारखं आहे.

या कामाला दुसरी काळी बाजू आहे. 2014 मध्ये जीएमसीनेच प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार 2005 ते 2013 या काळात चौकशी चालू असलेल्या 28 डॉक्टरांनी आत्महत्या केली किंवा तसा संशय होता. त्यानंतर पत्रांची भाषा, आजारी डॉक्टरशी वागण्याची पद्धत, सगळं बदलावं लागलं. परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींनी लक्षात ठेवावी अशीही एक गोष्ट आहे. गोऱ्या डॉक्टरांच्या तुलनेत वांशिक अल्पसंख्याक डॉक्टरांची तक्रार त्यांचे मालक दुप्पट प्रमाणात जीएमसीकडे करतात, असं 2019 च्या अहवालात दिसलं. वरिष्ठाने लॅपटॉप देण्याचं कबूल केलंय, असं सांगितल्याबद्दल एका अनुभवी डॉक्टर बाईंना 2022 मध्ये महिनाभर निलंबित केलं गेलं. गदारोळ झाल्यावर तो निर्णय रद्द झाला. अ‍ॅलिन्सनच्या जाहिरातींपासून या लॅपटॉपपर्यंत, फाइल उघडणाऱ्याचा विवेक हाच कायद्याइतका महत्त्वाचा ठरत आला आहे.

आपल्याकडे हे काम राज्याची वैद्यकीय परिषद करते. महाराष्ट्रात ती 1965 च्या कायद्याने चालते, मात्र तिथे तक्रारीचा निवाडा प्रामुख्याने डॉक्टर सदस्यच करतात. नुकसानभरपाई ही परिषद देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच वैद्यकीय सेवेला ग्राहक कायद्याखाली आणलं आहे. भारतातल्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास 72 तासांत त्याची कागदपत्रं द्यावी लागतात, आणि परिषदेने तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावणं अपेक्षित आहे.

म्हणून तक्रार करायची वेळ आलीच, तर आधी केसपेपर मागा, मग राग लिहा. काय घडलं, किती वाजता, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. तपास करणारा कितीही हुशार असला, तरी न लिहिलेली वेळ त्याला शोधता येत नाही.