संचिका-आगमन निरीक्षण

संचिका-आगमन निरीक्षण म्हणजे दुसऱ्या संगणकाकडून पाठवलेली संचिका (फाइल) जाळ्यातील संगणकावर पोहोचली आहे, हे माणसाच्या देखरेखीशिवाय ओळखण्याची पद्धत होय. संचिका येताच तिच्यावरील पुढील प्रक्रिया आपोआप सुरू करणे, हा तिचा मुख्य उपयोग आहे.

पद्धती

नियतकालिक तपासणीत ठरावीक अंतराने फोल्डरमधील यादी वाचून ती आधीच्या यादीशी ताडून पाहिली जाते. ही पद्धत सर्व प्रणालींवर चालते. मात्र दोन तपासण्यांमधील काळाइतका विलंब संभवतो.

सूचनाधारित पद्धतीत फोल्डरमधील बदलाची वर्दी कार्यप्रणालीच देते. लिनक्समध्ये ही सोय 'आयनोटिफाय' या नावाने कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत (२००५) आली. तिने जुन्या 'डीनोटिफाय'ची जागा घेतली. मॅक ओएस एक्स १०.५ मध्ये (२००७) 'एफएसइव्हेंट्स' ही सुविधा आली. विंडोजमध्येही अशी सोय आहे.

अपूर्ण संचिकेची समस्या

संचिकेचे नाव बहुधा पाठवणी सुरू होताच फोल्डरमध्ये दिसू लागते. मजकूर मागाहून येत राहतो. त्या क्षणी वाचन केल्यास अर्धवट मजकूर हाती लागतो. वेतनयादीसारख्या संचिकेत शेवटच्या ओळी गळाल्या, तरी उरलेली यादी निर्दोष भासते आणि चूक लक्षात येत नाही. आकार काही काळ स्थिर राहिला, एवढ्यावरून पाठवणी पूर्ण झाली असे मानणे धोक्याचे असते, कारण जोडणी मध्येच थबकलेली असू शकते. लेखन संपून संचिका बंद झाल्याची सूचना अधिक उपयुक्त असते. परंतु जोडणी तुटल्यावरही संचिका बंद होते.

यावर पुढील उपाय रूढ आहेत :

* संचिका तात्पुरत्या नावाने पाठवून शेवटी मूळ नाव देणे. एकाच संचिका-प्रणालीत नामांतर साधारणतः अखंडपणे घडते.
* मुख्य संचिकेनंतर एक छोटी खूण-संचिका पाठवणे.
* पडताळणी-बेरीज (चेकसम) सोबत पाठवून ती जुळवून पाहणे.

मर्यादा

'एनएफएस'सारख्या सामायिक साठ्यावर दुसऱ्या संगणकाने केलेले बदल आयनोटिफायला कळत नाहीत. सूचनांची रांग भरल्यास काही सूचना गळतात, तर निरीक्षक प्रणाली बंद असताना आलेल्या संचिकांची वर्दी तिला मिळत नाही. म्हणून सूचनांच्या जोडीला नियतकालिक तपासणी ठेवली जाते आणि प्रक्रिया झालेली संचिका निराळ्या फोल्डरमध्ये हलवली जाते, जेणेकरून तिच्यावर दुबार प्रक्रिया होत नाही.